पुरनलालनं बांधलेली गाठ

पुरनलाल कटरेचं घर कुठं म्हणून गावात विचारलं, तर उत्तर विचारणाऱ्याच्या नाही, सांगणाऱ्याच्या वयावर अवलंबून असतं. म्हातारी माणसं म्हणतात, "कोन, तो सापवाला?" आणि पोरंसोरं म्हणतात, "तो येशूवाला होय नं?" दोन्ही घरं एकच. बोदलकस्याच्या तलावातून निघालेल्या नहराला लागून, दारात लोखंडी फाटक, आत एक जुनी स्कूटी आणि शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. माणूसही एकच आहे, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात साप शिरला. चांगल्या सात एकर धानाच्या घरातला पवाराचा पोरगा, पण चुन्नीलाल नावाच्या एका म्हाताऱ्या ढिवराच्या मागे लागला. हा चुन्नीलाल दिवसभर तलावात जाळं टाकायचा आणि बोलावणं आलं की सापाचं विष उतरवायचा. पुरनलालच्या बापानं काठी हाती घेतली, आईनं उपास धरला, पण पोरगा काही ऐकेना. शेवटी एका नागपंचमीला चुन्नीलालनं त्याला कमरेइतक्या पाण्यात उभं करून मंत्र दिला, आणि मंत्राबरोबर तीन अटी दिल्या. पैसा घ्यायचा नाही. दारात आलेल्या कोणालाही, अगदी वैऱ्यालाही, नाही म्हणायचं नाही. आणि गाठ सुटेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही.

ही गाठ म्हणजे चुन्नीलालची खासियत. साप चावलेल्या माणसाला आणलं नाही तरी चालायचं. घरच्या कोणीतरी यायचं आणि खांद्यावरचा दुपट्टा उंबरठ्यावर टाकायचा. पुरनलालनं तो उचलायचा, मंत्र म्हणत त्याच्या टोकाला गाठ मारायची. गाठ बसली की विष जिथवर चढलं असेल तिथंच अडतं, असा पंचक्रोशीचा पक्का समज. माणूस उठून बसला की दुपट्टा परत आणायचा, गाठ सोडवून घ्यायची, मगच पुरनलालच्या घरात त्याच्यापुरतं ताट वाढलं जायचं.

दहातल्या सात सापांना विष नसतं, हे पुरनलालला पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं. मारलेला साप लोक काठीवर टाकून दाखवायला आणत. धामण आहे, पाणदिवड आहे, हे तो एका नजरेत ओळखायचा. पण बोलायचा नाही. का बोलेल? घरात पन्नास माणसं दाटलेली असत, बायका रडत असत, आणि पुरनलालनं ओठ हलवले की सगळं घर चिडीचूप. भावकीत त्याचं कोणी ऐकत नव्हतं, सोसायटीत कोणी ऐकत नव्हतं, घरात बायको रामबाई तर मुळीच ऐकत नव्हती. त्या एका घटकेला मात्र सगळे श्वास रोखून त्याच्या ओठांकडं बघत. असं सुख ज्याच्या डोक्यात चढत नाही तो माणूस नव्हेच. पुरनलालच्या डोक्यात ते तेहतीस वर्षं चढत गेलं.

मग शामकला गेली.

शेजारच्या घरातली पोरगी, बारावीत शिकणारी. तिला अंथरुणात मण्यार चावली. उजाडता उजाडता बापानं तिला पुरनलालच्या ओसरीवर आणून टाकलं. पापण्या जड झालेल्या, बोलणं बोबडं. पुरनलालनं गाठ मारली आणि बसला. मध्ये कोणीतरी जीपगाडीचं नाव काढलं, तर त्यानंच हात वर करून थांबवलं. "उतरून राहिलं," म्हणाला, "आता हलवू नका." अकरा वाजता ती त्याच्या ओसरीवर मेली. आणि तिचा बाप, तोच बाप, पुरनलालच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी लई केलं, भाऊ. तिची वेळच भरली होती."

कोणीही त्याला बोल लावला नाही. एक शब्द नाही. लोक त्याच्याशी जास्तच गोड बोलू लागले. पुरनलालला वाटायचं, कोणीतरी शिवी द्यावी, दारावर धोंडा मारावा. तीन महिने तो दोन घासांवर जगला. रामबाईला वाटलं, यालाच काहीतरी चावलंय.

तिरोड्याच्या बाजारात केशोराव नावाचा एक शिंपी बसतो. दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी चौदा-पंधरा माणसांची मंडळी जमते. केशोराव त्यांचा पास्टर. पुरनलाल सदऱ्याचं माप द्यायला गेला आणि माप देता देता, का कोण जाणे, शामकलाची सगळी हकीकत त्याच्या तोंडून बाहेर पडली. केशोरावनं फीत गळ्यात टाकली आणि म्हणाला, "चूक तुमचीच हाय, पुरनभाऊ. गाडी तुमी अडवली."

पुरनलाल तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्याच्याशी खरं बोललं होतं. केशोरावनं त्याला पाणी दिलं, आणि चुकीला माफी असते, ती कोणाकडं मागायची, हे सावकाश सांगितलं. घाई केली नाही. पुरनलाल आठ महिने त्या मागच्या खोलीत जाऊन नुसता बसत होता. मग एका रविवारी बोदलकस्याच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पाण्यातून वर येताना त्यानं शब्द दिला की गाठ पुन्हा बांधणार नाही. मंत्र ओठावर आणणार नाही.

भावकीनं जे करायचं ते केलं. लग्नपत्रिकेतून नाव गेलं, पंगतीतलं बोलावणं गेलं. रामबाई मात्र तिच्या जागेवरून हलली नाही. तिनं स्वयंपाकघरातली देवाची चौरी, मातीची ओटली, तशीच ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "तुमचा देव तुमच्यापाशी, माया देव मायापाशी. भांडण नाई पायजे मले." भांडण झालंही नाही. तो रविवारी तिरोड्याला जायचा, ती सणावाराला चौरीपुढं दिवा लावायची, आणि भाजीत मीठ कमी पडलं की दोघंही पूर्वीसारखेच बोलायचे.

सात वर्षं त्यानं शब्द पाळला. नुसता पाळला नाही, त्याच्याही पुढं गेला. साप चावलेला माणूस दारात आला की हा स्कूटी काढायचा. दवाखान्यात इंजेक्शन आहे की नाही हे फोन करून आधी विचारून ठेवायचा, रात्रीच्या नर्सचं नाव त्याला पाठ होतं. पहिल्या वर्षी लोकांनी शिव्या घातल्या. एक आई तर तोंडावर थुंकली. तिचा पोरगा तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून चालत घरी आला, तरी ती पुरनलालशी बोलली नाही. हळूहळू बोलावणी कमी झाली.

बाहेरचा त्रास असा होता. आतला कोणाला दिसत नव्हता. मंत्र गेला नव्हता. बैल पाण्यावर नेताना, अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना, कधी चक्क प्रार्थनेत डोळे मिटल्यावर, तो जिभेच्या मुळाशी येऊन उभा राहायचा. रामबाई सांगायची, झोपेत तुमचे ओठ हलतात. पुरनलालनं शुक्रवारचे उपास धरले. गुडघ्यांना घट्टे पडले. केशोराव म्हणायचा, "सैतान बाहेरून आरडत नाई, भाऊ. तो आपल्याच आवाजात बोलते, मनून कठीण जाते." हे पुरनलालला पटायचं. पण पटल्यानं आवाज बंद होत नसे.

गेल्या कार्तिकात धानाची कापणी ऐन भरात होती. सकाळचे साडेदहा झाले असतील. पुरनलाल खळ्यावर निघायच्या बेतात होता आणि फाटकाशी एक पांढरी गाडी करकचून थांबली. पुढून एक साठीचा माणूस उतरला आणि कोणाला काही न विचारता खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं उंबरठ्यावर टाकला.

सात वर्षांत असा दुपट्टा कोणी टाकला नव्हता.

माणसाचं नाव मुन्नालाल. तिरोड्याच्या पलीकडल्या गावचा कास्तकार. मागच्या सीटवर त्याची सून ओमेश्वरी आडवी पडली होती आणि मुलगा उमेंद्र तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कापलेल्या धानाच्या कडपा बांधायला ती वाकली, तेव्हा कडपेखालची परड टाचेला चावली. परड म्हणजे घोणस. पुरनलालनं गाडीत डोकं घालून पाहिलं. पाय घोट्याच्या वर सुजून काळानिळा. ओमेश्वरीनं तोंड उघडलं तर दातांच्या मुळांशी रक्त.

"किती वेळ झाला?"

"नऊला चावली," उमेंद्र म्हणाला.

पुरनलाल मुन्नालालकडं वळला. "तुमी तिरोड्यावरूनच आले नं? सरकारी दवाखाना रस्त्यातच लागते. काऊन नाई थांबले?"

"बिना गाठीचं कसं थांबाव?" मुन्नालालला प्रश्नच कळला नाही. "तिथं नाव लिवता लिवता विष चढलं तं? तुमी गाठ बांधा, मंग सांगाल तिथं नेतो. दवाखान्यातबी नेतो. मी का अडाणी हाव?"

म्हणजे हा माणूस इंजेक्शनचं फाटक डाव्या हाताला सोडून, पाऊण तास उलटा आला होता, इथून परवानगी घेऊन पुन्हा तिथंच जायला. पुरनलालला त्याचा राग आला, आणि लगेच हेही कळलं की हा रस्ता त्याला दाखवला कोणी. तेहतीस वर्षं तोच तर दाखवत होता.

"मी सोडलं ते काम. सात वर्सं झाले. साऱ्या तालुक्याले माईत हाय."

"मलेबी माईत हाय. पर माया मोठ्या भावाले तुमीच वाचवलं. तो आजबी नांगर धरते."

पुरनलालला तो भाऊ आठवला. सापही आठवला. "मुन्नालालभाऊ, आयका माझं. तुमच्या भावाले धामण चावली होती. धामणीले विष नसते. मी काईच नाई केलं. तवा मी खोटं बोललो, बोललो नाई मनजे खोटंच. आता खरं सांगून राहिलो."

एवढी मोठी कबुली त्यानं केशोरावपुढंही इतक्या सरळ दिली नव्हती. मुन्नालालनं ऐकून घेतलं आणि तो हसला. मोठ्या आदरानं हसला. "जाणती माणसं असंच मनतात," म्हणाला, आणि ओसरीवर मांडी घालून बसला. "गाठ बांधत नाई तवर मी उठत नाई."

"बाबा, चला नं," गाडीतून उमेंद्र रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तू गप."

गाडीची किल्ली मुन्नालालच्या बंडीच्या खिशात होती. पुरनलालनं ते पाहिलं. एकशे आठला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली आहे, यायला पाऊण तास तरी लागेल, असं पलीकडून पोरगी बोलली. स्कूटीवर ओमेश्वरी बसणार कशी? शेजारी हाक मारली तर सगळे शेतात. किल्ली हिसकावून घ्यावी असं मनात आलं, पण मुन्नालाल त्याच्या दुप्पट अंगाचा होता, आणि झटापटीत मिनिटंच जाणार होती. मिनिटं तर आधीच जात होती.

रामबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती नवऱ्याला सात वर्षांत धर्मावरून एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"बांधून टाका नं. एका गाठीनं तुमचा देव रुसन का? एवढा हलका हाय का तो?"

पुरनलालनं केशोरावला फोन लावला. पलीकडं शिलाई मशीनची घरघर होती. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. घरघर थांबली.

"केशोरावभाऊ?"

"मले नाई माईत, पुरनभाऊ."

"तुमी पास्टर हा नं?"

"हाव. तरीबी नाई माईत. मी इथं गुडघ्यावर बसतो. तुमी..."

पुरनलाल घराच्या मागे गेला, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि त्यानं प्रार्थना केली. सांग, म्हणाला. एवढं एकदा सांग. बांधू की नको? कोंबड्या पायांत येत होत्या. देव काहीच बोलला नाही. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण घडलं तसं आहे. पुरनलाल एरवी म्हणायचा की देव बोलतो, आणि तो खोटं म्हणत नसे. त्या दिवशी मात्र कोंबड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही.

तो परत आला तेव्हा ओमेश्वरीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तिला धड बोलता येत नव्हतं. "काकाजी," म्हणाली, "बांधा नं गाठ. घरी दोन लहान हायेत माये."

तिथं पुरनलालनं मनाशी एक हिशेब केला. गाठ म्हणजे काय? कापडाला पीळ. मंत्र नाही, तर गाठीत काही नाही. आपण नुसती गाठ मारायची, तोंड बंद ठेवायचं. ओठ हलले नाहीत तरी मुन्नालालला काय कळतंय? तो उठेल, किल्ली लावेल, बाई वाचेल, आणि देवाला दिलेला शब्दही निम्मा तरी वाचेल. हिशेब बरा होता. त्याच्या जागी असते तर शहाण्यासुरत्यांनीही हाच केला असता.

त्यानं दुपट्टा उचलला. टोक डाव्या हातात धरलं, उजव्या हातानं पीळ घातला. दात एकमेकांवर घट्ट दाबले. आणि पीळ घालता घालता जीभ आपोआप वळली. पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा तो दचकला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यापासून त्यानं दातही दाबले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी शिकलेलं सगळं, एक अक्षर इकडचं तिकडं न होता, जसं काल संध्याकाळी म्हटलं असावं तसं आलं. मुन्नालालनं हात जोडले. उमेंद्र रडायचा थांबला. रामबाईनं पदर डोक्यावर ओढला. ओसरी चिडीचूप झाली.

गाठ बसली. मुन्नालाल ताडकन उठला, किल्ली काढून मुलाच्या हातात दिली, आणि पुरनलाल गाडीच्या मागच्या दारानं ओमेश्वरीच्या पायाशी बसला. गाडी सुटली.

खरं तर इथं काम संपलं होतं. गाडी दवाखान्याकडं निघाली होती, आता मंत्र म्हणायला कोणी सांगत नव्हतं, कोणी अडवूनही बसलं नव्हतं. पुरनलालनं गप्प बसायचं होतं, किंवा आपली प्रार्थना म्हणायची होती. तो गप्प बसला नाही. तिरोड्यापर्यंतचा सगळा रस्ता तो मंत्र म्हणत होता. उमेंद्र आरशातून त्याच्याकडं बघत होता, मुन्नालाल मागं वळून वळून बघत होता, आणि पुरनलाल, साठ वर्षांचा, दोन गुडघ्यांवर घट्टे पडलेला पुरनलाल, आवाज थोडा चढवून म्हणत होता. त्याला बरं वाटत होतं. शेतात दिवसभर राबून आल्यावर घोटभर गार पाणी पोटात उतरावं तसं बरं वाटत होतं.

डॉक्टर तरुण होता, फार संतापला. नऊला चावली आणि साडेअकराला आणताय, मधले तास कुठं घालवले, म्हणून त्यानं उमेंद्रला फाडून खाल्लं. इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी लघवी बंद झाली म्हणून ओमेश्वरीला गोंदियाला हलवलं, तिथं चार वेळा मशीनवर रक्त साफ करावं लागलं. ती वाचली. थोडक्यात वाचली, पण वाचली. डॉक्टरनं ज्या तासांसाठी आरडाओरडा केला ते तास तिच्या मूत्रपिंडांनी भरून दिले. वर्षभर औषधं घ्यायला सांगितली आहेत.

सातव्या दिवशी मुन्नालाल दुपट्टा घेऊन आला. बरोबर नारळ, नवं धान आणि दोन माणसं. पुरनलाल म्हणाला, "सुयांनी वाचली ती. डॉक्टरच्या पाया पडा." मुन्नालाल म्हणाला, "हाव, हाव, सुयाबी होत्या." आणि पुरनलालच्याच पाया पडला. पुरनलालनं पाय मागं घेतले, पण जरा उशिरा घेतले. गाठ सोडवली. ते सात दिवस त्यानं काय खाल्लं होतं, हे मुन्नालालनं विचारलं नाही. रामबाईला ठाऊक होतं: त्यानं खाल्लंच नव्हतं. केळी आणि चहा. उपास आहे म्हणाला होता, आणि तिनं कोणाचा उपास म्हणून विचारलं नव्हतं.

रविवारी मागच्या खोलीत त्यानं उभं राहून सगळ्यांपुढं सांगितलं. दुपट्टा, किल्ली, गाठ. मंत्र तोंडातून गेला, हेही सांगितलं. मंडळीतल्या दोन बायका रडल्या. केशोराव उठून त्याच्याजवळ आला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "तुमी जीव वाचवाले केलं, भाऊ. तुमचे हात बांधले होते. देवाले दिसते." सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. मायेनं केली. पुरनलाल मान खाली घालून उभा होता. गाडीतल्या रस्त्याचं त्यानं सांगितलं नव्हतं. मंत्र निसटला, हे सांगता येतं. गोड लागला, हे त्या प्रेमळ माणसांपुढं कसं सांगायचं? त्यांनी माफ केलं ते दुसऱ्याच कशाला तरी, आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतलं.

बातमी तर वाऱ्यावर गेली होती. पुरनभाऊनं परत गाठ बांधायला सुरुवात केली. परडीच्या विषावर बांधली, आणि बाई उठून बसली. बाजारात अनोळखी माणसं त्याला वाट देऊ लागली. दोन गावांतून निरोप आले की बरं झालं, आता लांब जायला नको. प्रत्येकाला तो सांगायचा, दवाखान्यात जा. प्रत्येक जण मान डोलवायचा, मुन्नालालसारखीच. पुढच्या माणसाला साप चावला की तो आधी कुठं येणार, हे पुरनलालला स्वच्छ दिसत होतं. शामकलाही दिसत होती. तो फाटकावर पाटी लावायचा म्हणत होता. पुठ्ठा आणला, रंग आणला. पाटी अजून लागली नाही.

मार्गशीर्षातली एक दुपार. धान घरात आलं होतं, रामबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. पुरनलाल खाटेवर पडला होता. नागझिऱ्याला जाणाऱ्या गाड्या या दिवसांत तिथून जातात, त्यांचा आवाज वेगळा, तो कानाला सवयीचा. हा आवाज तसा नव्हता. एक गाडी तिरोड्याकडून जोरात येत होती, मध्येच वेग कमी झाला, वळणावर हॉर्न वाजला. पुरनलाल खाटेवरून उठला. सदरा नीट केला. भराभर चालत जाऊन त्यानं फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला उभा राहिला.

गाडीत नवरदेवाकडची माणसं होती. कोणीतरी खिडकीतून हात हलवला, आणि गाडी पुढं निघून गेली.

"फाटक कायले उघडलं?" रामबाईनं विचारलं.

बैल आणायचे म्हणून, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

"गाडी येऊन राहिली असं वाटलं."

"नाई आली. बरं झालं नं, कोनाले काई चावलं नाई."

पुरनलाल फाटकाला धरून उभा होता. "बरं नाई वाटलं वो," म्हणाला. "थांबली नाई, तं मले वाईट वाटलं."

रामबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा झाला होता, आणि चोर म्हातारा होता, हे पाहून तिला भडभडून आलं.

"केशोरावले सांगा," ती हळूच म्हणाली. "आता, या घटकेले सांगा. फोन लावा."

"सांगतो," पुरनलाल म्हणाला.

त्यानं खिशातून फोन काढला. चष्मा नव्हता म्हणून तो डोळ्यांपासून लांब धरला, आणि केशोरावचं नाव शोधण्याआधी, मघा खाटेवर डोळा लागला होता तेवढ्यात कोणाचा फोन येऊन गेला का, ते बघितलं.